शिक्षकांचा संप नेमका कशासाठी आणि तो कोणाशी?

सोलापुरात जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर शिक्षकांचा मंडप पडला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. रस्त्याने जाणारा म्हणतो, ‘एवढा पगार आहे, वर सुट्ट्या आहेत, यांना आणखी काय हवे?’ मंडपातला शिक्षक म्हणतो, ‘आम्हाला फक्त शिकवू द्या.’ वरवर पाहता ही दोन वाक्ये एकमेकांना दिलेली उत्तरे वाटतात. प्रत्यक्षात पहिले पगाराविषयी आहे, दुसरे कामाच्या वेळेविषयी आहे आणि ज्या मागणीसाठी मंडप पडलेला असतो ती बहुधा या दोन्हींपेक्षा वेगळी, म्हणजे निवृत्तिवेतनाची, पदांच्या मंजुरीची किंवा अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची असते. वादातला निम्मा गोंधळ इथेच होतो. म्हणून पगार आणि तास हे प्रश्न आधी सुटे करून पाहू आणि मग संपाकडे येऊ.

रस्त्याने जाणाऱ्याची चीड मात्र किरकोळ समजू नये. सोलापूर हे गिरण्यांचे, यंत्रमागाचे आणि विडीचे शहर आहे. संप म्हणजे काय हे या शहराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मोजली जाते, ज्या दिवशी हात चालला नाही त्या दिवशी घरात पैसा येत नाही, आणि भविष्य निर्वाह निधीत तिचे नाव असलेच तर त्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन महिन्याला १,००० रुपये आहे. तिचे मूल महापालिकेच्या शाळेत जाते. शाळा बंद राहिली की शिकवणे बंद राहते, पोषण आहार बंद राहतो, आणि कामाच्या वेळेत मुलाला कोणाच्या भरवशावर सोडायचे हा प्रश्न उभा राहतो. संपाचे समर्थन करणाऱ्याने हे आधी मान्य केले पाहिजे.

एकच वर्ग, वेगवेगळे पगार

‘शिक्षकांचा पगार’ अशी एकच एक गोष्ट महाराष्ट्रात नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा पूर्ण अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाची श्रेणी आहे. राज्यात हा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला, तरी वाढीव वेतन प्रत्यक्ष हातात पडायला २०१९ उजाडले. त्यानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचे ३८,६०० रुपयांपासून. हिशेबाच्या सोयीसाठी महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर नव्याने कायम झालेल्या प्राथमिक शिक्षकाचे वेतन ४३,८०० रुपये होते. घरभाडे भत्ता त्याहून वेगळा. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, जिला गुरुजी मंडळी अजूनही ‘चट्टोपाध्याय’ म्हणून ओळखतात, आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी लागली की निवृत्तीच्या जवळ आलेल्या शिक्षकाचा पगार लाखाच्या आसपास पोहोचू शकतो. रस्त्याने जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो हा पगार, आणि हा पगार कमी आहे असे म्हणणे अवघड आहे.

परंतु त्याच शाळेत, शेजारच्या वर्गात, नवा शिक्षणसेवक असू शकतो. शिक्षणसेवक ही योजना राज्यात २००० साली आली. पात्रता पूर्ण, निवड रीतसर, काम पूर्णवेळ. तरी पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन. प्राथमिक शिक्षणसेवकाला हे मानधन अनेक वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. उच्च न्यायालयाने कान टोचल्यानंतर जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,०००. म्हणजे शनिवारपर्यंत १६,०००वर शिकवणारा माणूस तीन वर्षे पूर्ण होऊन सोमवारी कायम झाला, तर तोच माणूस तीच मुले तीच पुस्तके घेऊन ४३,८००वर शिकवू लागतो. या फरकाला अध्यापनाच्या गुणवत्तेचे कोणतेही कारण देता येत नाही; तो निव्वळ खर्च वाचवण्याचा उपाय आहे.

तिसरा गट अंशतः अनुदानित शाळांतला. २००१ मध्ये राज्याने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण घेतले. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला. आणि २०१६ पासून पात्र शाळांना २० टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झाले. वर काढलेल्या ४३,८०० रुपयांचे २० टक्के म्हणजे ८,७६० रुपये. उरलेली रक्कम कागदोपत्री संस्थेने द्यायची असते, आणि ग्रामीण भागातली संस्था ती कोठून देणार हे सर्वांना ठाऊक असते. पुढच्या टप्प्यासाठी हे शिक्षक वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसत आले आहेत. जुलै २०२५ मध्येही ते तिथेच होते. आणि या तिन्ही गटांच्या बाहेर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, काम करणारे आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकवणारे आहेत. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली त्यांच्याही सेवाशर्तींचे नियम सरकारच करते, पण त्यांचा पगार खरोखर काय ठरतो हे बहुतेक वेळा संस्थाचालकाच्या खोलीत ठरते.

या चार गटांकडे एकत्र पाहिले की एक विचित्र गोष्ट लक्षात येते: ज्याची तक्रार सर्वांत मोठी आहे त्याच्या हातातला संप सर्वांत दुबळा आहे. शिक्षणसेवकाला कायम व्हायचे असते, त्यामुळे तो आपल्या सेवेवर ठपका येऊ देत नाही. विनाअनुदानित शिक्षकाने काम बंद केले तर सरकारचे काहीच अडत नाही, म्हणून तो संपाऐवजी उपोषणाला बसतो. पूर्ण ताकदीने संप करू शकतो तो कायम शिक्षक. साहजिकच लोकांना रस्त्यावर दिसतो तोही तोच, आणि त्याचा पगार पाहून लोक सर्वांची तक्रार निकालात काढतात.

मग कायम शिक्षक संप का करतो?

अलीकडच्या मोठ्या आंदोलनांची कारणे पाहिली तर त्यांत आजच्या पगारवाढीची मागणी जवळजवळ नाही. ती आहेत उद्याच्या अनिश्चिततेची. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याला जुने निवृत्तिवेतन मिळत नाही. जुन्या योजनेत पुरेशी सेवा झालेल्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता, असा शब्द सरकारने दिलेला होता. नव्या योजनेत कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के आणि सरकार १४ टक्के रक्कम भरते, ती बाजारात गुंतवली जाते आणि शेवटी जे साठेल त्यावर निवृत्तिवेतन ठरते. एकाच शिक्षक-खोलीत ऑक्टोबर २००५ मध्ये लागलेले गुरुजी आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लागलेल्या बाई शेजारी बसतात. दोघांचे काम, श्रेणी आणि वर्ग सारखे, पण म्हातारपणाचा हिशेब पूर्ण वेगळा.

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा यातून आली. १४ मार्च २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेला संप २० मार्चला मागे घेतला गेला. अभ्यासासाठी समिती नेमली गेली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली, जिच्यात २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे मिळण्याची हमी आहे. जुनी योजना जशीच्या तशी आली नाही, पण ‘शेवटी काय मिळेल ते बाजार ठरवील’ ही भूमिका सरकारला सोडावी लागली. सरकारची बाजूही पोकळ नाही. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी जुन्या योजनेकडे परतण्याची घोषणा केल्यावर, राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरील आपल्या अहवालात रिझर्व्ह बँकेने हा भविष्यातला मोठा धोका असल्याचे स्पष्ट म्हटले होते. आज दिलेल्या शब्दाचे बिल तीस वर्षांनी येते, आणि ते तेव्हाच्या करदात्याला भरावे लागते.

दुसरी अनिश्चितता पदाची. पटसंख्येवरून शाळेला किती शिक्षक मिळतील हे संचमान्यतेने ठरते. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने तिचे निकष बदलले तेव्हा लहान शाळांतले शिक्षक धास्तावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला आणि २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली, तेव्हा वीस-वीस वर्षे शिकवलेल्यांच्या नोकरीवर प्रश्नचिन्ह आले आणि नवे आंदोलन उभे राहिले. पात्रता परीक्षेच्या बाबतीत मला न्यायालयाची चिंता शिक्षक संघटनांच्या चिंतेपेक्षा अधिक पटते. मात्र नेमणूक करताना न घातलेली अट मध्येच घातली गेल्याचा त्रास खरा आहे, एवढे मान्य करावे लागते.

पंचेचाळीस तासांचे काय होते

आता ‘आम्हाला शिकवू द्या’ या वाक्याकडे येऊ, कारण या सगळ्या वादातला सर्वांत उपेक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात तीन आकडे आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. आणि शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास, ज्यात तयारीचे तास धरलेले आहेत. भागाकार करून पाहिला तर प्राथमिक वर्गात दिवसाला सरासरी चार तास अध्यापन पडते, उच्च प्राथमिकला साडेचारच्या आसपास. आठवड्याचे ४५ तास सहा दिवसांत विभागले तर रोजचे साडेसात होतात. याचा अर्थ असा की, रोज तीन ते साडेतीन तास हे पाठाची तयारी, वह्या तपासणे, मागे पडलेल्या मुलाला वेगळे बसवून शिकवणे आणि पालकांशी बोलणे यांसाठी लागतात, हे कायदा करणाऱ्यांनीच गृहीत धरले होते.

ते तीन तास कोणी राखून ठेवलेले नाहीत, ही खरी अडचण आहे. त्यांत काय भरले जाते, ते जिल्हा परिषदेच्या कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारावे. पोषण आहाराची रोजची नोंद, धान्य-मालाचा हिशेब, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत भरायची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांतली नावे जुळवणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, गणवेशाचा हिशेब, शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची मुले येतात आणि जातात, त्यामुळे शेवटचे काम कागदावर वाटते तेवढे सोपे नसते. त्यात मतदार यादीसाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, म्हणजे बीएलओची, जबाबदारी गळ्यात पडली तर घरोघरी फिरणे आले. आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तातडीची माहिती, आज पाच वाजेपर्यंत’ असा निरोप आला की हातातला तास तिथेच थांबतो. यांतली बरीच कामे मुलांच्याच उपयोगाची आहेत हे खरे. ती शिक्षकानेच का करायची, हा प्रश्न आहे.

मोठ्या शाळेत हा भार वाटला जातो, लहान शाळेत तो वाटायला माणूसच नसतो. कायद्यानुसार ६० पटापर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे पहिली ते पाचवीचे पाच वर्ग आणि दोन माणसे. त्यांतला एक प्रशिक्षणाला किंवा केंद्रशाळेतल्या बैठकीला गेला की पाचही वर्ग एकाकडे. सोलापूर जिल्ह्यात यात आणखी एक गुंता आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, शहरात उर्दू माध्यमाच्याही आहेत. तिथली रिकामी जागा शेजारच्या मराठी शाळेतला शिक्षक तात्पुरता पाठवून भरता येत नाही, कारण मुले ज्या भाषेत शिकतात ती त्याला यायला हवी.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे तीन अपवाद ठेवले आहेत. निवडणुकांविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच सांगितले होते की, ते काम शिक्षकांना सुटीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे. २०२४ मध्ये राज्य सरकारनेही शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी जाहीर केली. नियम आहेत, ते मोडले गेले तर त्याच दिवशी कोणाकडे दाद मागायची, याची सोय नाही.

सुट्ट्यांचा मुद्दाही इथेच तपासून घेतलेला बरा. शाळांना रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या असतात. ५२ रविवार मिळवले की १२८ दिवस. सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शाळांना नाही. शनिवार-रविवारचेच १०४ दिवस झाले आणि त्यांत सार्वजनिक सुट्ट्या मिळवल्या की कचेरीतला आकडाही सव्वाशेच्या जवळ जातो. शिवाय तिथे वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा वेगळी, जी दीर्घ सुटी मिळते म्हणून शिक्षकाला तशी मिळत नाही. कचेरीतला दिवस लांब असतो, हे अर्थात दुसऱ्या पारड्यात टाकावे लागेल. तरीही ‘शिक्षकांना काय, निम्मे वर्ष सुटी’ हे गणित पाच दिवसांच्या आठवड्यानंतर उरलेले नाही.

इंग्लंडमध्ये सरकारी शाळेतल्या शिक्षकाच्या सेवाशर्तींत एक आकडा लिहिलेला आहे: मुख्याध्यापक सांगेल त्या कामासाठी वर्षाला १९५ दिवसांत १,२६५ तास. त्यापलीकडची तयारी आणि तपासणी शिक्षकाला करावीच लागते आणि ती कधीकधी फार होते, अशी तिथली तक्रार आहे. पण निदान कोणत्या बैठकीचे तास कोणत्या खात्यातून गेले हे मोजता येते. आपल्याकडे पंचेचाळीस हा आकडा आहे, हिशेबाची वही नाही. तासांची मागणी पुरी करायला सरकारला निवृत्तिवेतनाच्या तुलनेत फारच कमी पैसा लागेल; दोन-तीन शाळांमागे एक लिपिक दिला तरी बरेच साधेल, आणि या मागणीवर पालक शिक्षकांच्या बाजूने उभे राहतील. मग मोठ्या संपात ही मागणी पहिल्या क्रमांकावर का नसते? कारण निवृत्तिवेतनावर तलाठी, परिचारिका, लिपिक आणि शिक्षक असे सर्व जण एकत्र येतात. तयारीचे तीन तास हे एकट्या शिक्षकाचे दुखणे आहे.

संपाचा हक्क आहे का?

थोडक्यात उत्तर: मूलभूत हक्क नाही. संघटना स्थापन करण्याच्या घटनादत्त हक्कात संप करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच म्हटले होते. २००३ मध्ये, तमिळनाडू सरकारने संपावर गेलेल्या लाखाहून अधिक कर्मचारी व शिक्षकांना एका फटक्यात काढून टाकले तेव्हाच्या खटल्यात, न्यायालय आणखी पुढे गेले आणि सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा कायदेशीर किंवा नैतिक हक्कही नाही असे त्याने सांगितले. राज्याचे वर्तणूक नियम संपाला मनाई करतात. त्यापलीकडे ‘काम नाही तर वेतन नाही’ हे तत्त्व १९९० च्या बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात पक्के झालेले आहे. शिवाय १९८८ मध्ये न्यायालयाने असे ठरवले की, शाळा ‘उद्योग’ या व्याख्येत बसली तरी शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ ठरत नाही. जुन्या मिलमधल्या कामगारासाठी जो कायदा तडजोड अधिकारी, कामगार न्यायालय आणि लवाद उभा करत असे, त्याचे दार शिक्षकाला बंद राहिले. खासगी शाळांसाठी शाळा न्यायाधिकरण आहे, पण तिथे एकेका कर्मचाऱ्याच्या बडतर्फीची किंवा पदावनतीची तक्रार जाते. सर्वांच्या वेतनाचा किंवा तासांचा प्रश्न जात नाही.

संपाला बंदी इतरत्रही आहे, पण तिथे बंदीच्या बदल्यात काय दिले जाते ते पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्क राज्याच्या १९६७ च्या टेलर कायद्याने सरकारी नोकरांना, म्हणजे शिक्षकांनाही, संप करता येत नाही. केला तर संपाच्या प्रत्येक दिवसामागे दोन दिवसांचे वेतन कापले जाते. परंतु तोच कायदा सरकारला संघटनेशी वाटाघाट करण्याचे बंधन घालतो आणि बोलणी अडली तर मध्यस्थ नेमणारे स्वतंत्र मंडळ देतो. जर्मनीत सनदी दर्जाच्या शिक्षकांना संप करता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती बंदी उचलून धरली, पण त्या दर्जाबरोबर आजन्म नोकरी, पुरेशा वेतनाची घटनात्मक हमी आणि सेवाशर्ती ठरवताना संघटनांचा सहभाग मिळतो हे पाहूनच. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या १९६६ च्या शिफारशीतही हाच क्रम आहे: आधी वाद मिटवण्याची संयुक्त यंत्रणा असावी, आणि ती निष्फळ ठरली तर इतर संघटनांना खुले असलेले मार्ग शिक्षक संघटनांनाही खुले असावेत.

आपल्याकडे बंदी आहे आणि यंत्रणा नाही. त्यामुळे एक ठरलेली चढण तयार झाली आहे: निवेदन, मग काळ्या फिती लावून काम, मग धरणे, मग एक दिवसाचा लाक्षणिक संप किंवा सामूहिक रजा, आणि शेवटी बेमुदत संप. सामूहिक रजा ही त्यातली हुशार पायरी; प्रत्येक जण आपापल्या किरकोळ रजेचा अर्ज देतो, फक्त सर्वांची तारीख एक असते. चढण चढूनही समोर कोण भेटतो? जिल्हा परिषद शिक्षकाची नेमणूक करते, पैसा राज्य देते, पात्रता केंद्राच्या कायद्याने ठरते आणि निवडणुकीचे काम निवडणूक यंत्रणा देते. पूनम गेटवर दिलेले निवेदन मुख्य कार्यकारी अधिकारी घेतात आणि ‘शासनाकडे पाठवतो’ असे सांगतात. त्यांच्या हातात खरोखर तेवढेच असते. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत आणि सोलापूर पुणे शिक्षक मतदारसंघात येते, हे खरे. पण राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार तिथे मत देतात ते माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षक. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतला शिक्षक, जो अशा मंडपांत मोठ्या संख्येने बसलेला असतो, त्या मतदार यादीतच नसतो.

बंदीने संप थांबत नाहीत, हेही अनुभवाचे आहे. महाराष्ट्रातच १९७७-७८ मध्ये कर्मचारी आणि शिक्षकांचा संप ५४ दिवस चालला होता. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कायद्याने हक्क नसताना २०१८ मध्ये शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या आणि ५ टक्के वेतनवाढ घेऊनच ते परतले. याउलट इंग्लंडमध्ये संप कायदेशीर आहे, पण २०१६ च्या कायद्याने गुप्त मतदानात निम्म्याहून अधिक सभासदांनी भाग घेण्याची अट घातली. २०२३ च्या सुरुवातीला एका मोठ्या संघटनेने ती पार केली, दुसरीला ती पार करता आली नाही आणि तिला थांबावे लागले. संपाला वाट दिली की तिला फाटकही घालता येते.

भरपाई कोण करणार?

गिरणीचा संप मालकाच्या नफ्यावर आघात करतो. शाळेच्या संपात सरकारचे काही बुडत नाही, उलट वेतन कापले तर तेवढा पैसा वाचतो. म्हणून शिक्षकांचा संप परिणामकारक करायचा तर तो परीक्षेच्या तोंडावर करावा लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला तो याच कारणाने. दबाव सरकारवर आणायचा असतो, पण तो मुलांच्या अंगावरून जातो, आणि तीही सर्व मुले नव्हेत. स्वयंअर्थसहाय्यित शाळेतले मूल त्या दिवशीही शाळेत असते.

नुकसान किती होते, याचे उत्तर दिवसांवर अवलंबून आहे. अर्जेंटिनात प्राथमिक शाळेच्या वर्षांत संपांमुळे सरासरी ८८ दिवस गमावलेल्या मुलांचा मोठेपणी अभ्यास झाला, तेव्हा पुरुषांची कमाई सुमारे ३.२ टक्के आणि स्त्रियांची १.९ टक्के कमी आढळली. हा आकडा एका दिवसाच्या सामूहिक रजेला लावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मार्च २०२३ च्या संपात रविवार वगळता सहा दिवस गेले. त्याच वर्षी माहिती भरण्यात, बैठकांत आणि सर्वेक्षणांत अध्यापनाचे किती तास गेले, याची नोंद कोठेही नसल्यामुळे त्याची बातमी होत नाही. पण सहा दिवस हे सहा दिवसच असतात, आणि त्यांच्या बाबतीत संप मिटवताना एक गोष्ट लिहून घेणे शक्य असते, जी बहुधा राहून जाते.

संप मिटला की बोलणी होतात ती गेलेल्या दिवसांच्या वेतनाची: ते कापायचे, रजेत धरायचे की सेवाखंड मानायचा. वेतन कापले असेल तर तो व्यवहार तिथेच संपला. ते दिवस पुन्हा विनामोबदला शिकवा, असे शिक्षकाला सांगता येणार नाही. परंतु ते दिवस रजेत धरून वेतन दिले जाणार असेल, तर तेवढे अध्यापनाचे तास शनिवारी किंवा सुटीत भरून काढण्याचे वेळापत्रक त्याच निर्णयात असायला हवे, आणि ते शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे ठेवले जायला हवे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे हे कायद्यानेच त्यांचे काम ठरवले आहे.